पापडाएवढी मागची शीट

...नाई, तुमीच सांगा मले, जो माणूस घरून स्कूटी पाहाले निघते, तो आदिलाबादच्या शोरूममंदी जाऊन स्कूटीकडं पाठ करून काऊन उभा राह्यते? स्कूट्यायची अख्खी रांग लागली होती, लाल, निळी, एक तं अशी गोड आमसुली रंगाची, आणि आमचे हे पाहून राह्यले कोपऱ्यात! कोपऱ्यात काय होतं ते सांगतेच, पण आधी स्कूटी कोणासाठी होती ते तं ऐका.

माझ्यासाठी होती. तवा माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. माहेर नार्नूर, सासर इंद्रवेल्लीच्या अलीकडं, आणि उटनूरले कॉम्प्युटर सेंटरवर मले काम लागलं, एक तारखेपासून, साडेनऊले हजर. आमच्या फाट्यावर बस येते सव्वादहाले, ते बी ड्रायव्हरच्या मनात असन तं. म्हणून मामाजी, म्हंजे माझे सासरे अमृतराव, लग्नाच्या बैठकीतच चारचौघांत बोलले होते, "सूनबाईले स्कूटी घेऊन देऊ, शिकन हळूहळू."

शिकन म्हणे! अवो, अकरावीत असल्यापासून मी बाबाची जुनी फटफटी चालवत होती, मागं वांग्याचे दोन पोते बांधून नार्नूरच्या बाजारात! पण हे लोक मले पाहाले आले तवा सासूबाईनं विचारलं, "पोरीले काय काय येते?" आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात मायनं असा पाय दाबला माझा, की अंगठ्याचं नख आठ दिवस निळं होतं. "शिवण येते," माय म्हणे, "अन् लई शांत हाय पोरगी." बस. तेव्हापासून मी शांत. मी आपली गप.

आणि मले लई काई पाहिजे बी नव्हतं. नऊ वाजता स्कूटी काढाव, डबा हुकाले अडकवाव, आणि एकटीनं उटनूरले जाव. एकटीनं, बरं का! चार महिन्यांत मी एकटीनं हातपंपावर बी गेली नाई, कोणी ना कोणी संग असतेच... नव्या सुनेले काय पाय फुटले की ते पळून जाते, असं वाटते का काय लोकायले!

तं कोपरा. कोपऱ्यात एक गाडी उभी होती, काळीकरडी, खांदे वर काढून, डोकं खाली घालून, मारक्या बैलासारखी. शोरूमचा सेल्समन, टाय लावलेला, पळत आला. "सार, नेकेड बाईक है. चारसौ सीसी!" सासूबाई वाकून वाकून पाहाले लागल्या. इंजिन उघडं, नळ्या उघड्या, स्प्रिंगा उघड्या.

"काहो, हिचं तं सारं आतडं बाहेर हाय! झाकण लावाचं राह्यलं का?"

"आंटी, ऐसाच रहता. यही फॅशन है."

"फॅशन!" सासूबाईनं आपला पदर सारखा केला, माझा बी केला.

आणि आमचे हे? हे तं त्या गाडीच्या टाकीवर असा हात फिरवून राह्यले, की मी म्हटलं, बाई, चार महिन्यांत माझ्या डोक्यावरून तं... जाऊ द्या. "बापू," हे म्हणे, "स्कूटी तं घ्याचीच हाय. नुसती एक टेस्ट राईड घेतो. पाच किलोमीटर. मयूरीले बी बसवून पाहातो, तिलेच तं मागं बसाचं हाय."

ऐकलं का तुमी? मागं! घरून निघताना मनातल्या स्कूटीवर मी समोर होती. आदिलाबादले येईपर्यंत समोरच होती. एका वाक्यात मागं गेली! आणि मागं म्हंजे कुठं? मागची शीट तुमी पाह्यली का? पापड असते ना, पापड? उडदाचा, भाजल्यावर आखडलेला? तेवढी! ते बी उतरती. धराले कडी नाई, साडीले जाळी नाई. सासूबाई म्हणे, "एका बाजूनं बस वं, सारे पाहून राह्यले." सेल्समन म्हणे, "एक साईड नहीं बैठ सकते आंटी, गिर जाएगी." शेवटी दोन्हीकडं पाय टाकून, साडी आवळून, डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट, अशी मी चढली. मामाजीनं विचारलं, "बसता येते ना बेटा?" मी मान हालवली. हेल्मेटमंदी मान हालली का नाई ते बी कोणाले दिसलं नसन. मी आपली गप.

निघालो. अवो, निघालो काय, सुटलो! ह्यायनं रेसचा जरासाच कान पिळला, आणि गाडीनं अशी उडी मारली की शोरूम मागं, मामाजी मागं, माझा जीव तं सगळ्यायच्या मागं. हवा अशी छातीत भरून राह्यली जशी काय आमच्या दोघायचा पतंग करते. "कशी हाय?" हे ओरडले. मी म्हटलं, "हळू." तं ह्यायले ऐकू आलं "हो"! ब्रेक मारला की मी यायच्या पाठीवर, रेस दिली की मागं ट्रकच्या तोंडात. नवरा-बायकोनं जवळ याव म्हणून कंपनीनं शीट बनवली असन तं लई जोर लावला बाई.

सेल्समननं सांगतलं होतं, पेट्रोल पंपापाशी दुभाजक तुटलेला हाय, तिथून वळवा आणि या. पंप आला. यायनं गाडी हळू केली. मागून ट्रक वाजला. यायनं पाय खाली टेकवाले पाह्यला, गाडी अशी एका अंगावर झुकली, माझं काळीज त्या बाजूले, आणि हे म्हणे, "इथं नको. समोर मोठी जागा हाय."

समोर बी जागा होती. तिथं टँकर आला. "त्याच्या समोर हाय." तिथं बकऱ्या. मंग एका ठिकाणी कोणीच नव्हतं, एक कुत्रं बी नाई, तवा हे म्हणे, "इथं उतार हाय." तवा मले समजलं. ह्यायले वळवता येत नाई! सरळ चालवता येते, मस्त येते, पण एवढी जड गाडी वळवाची म्हटली की हातच अडकतात. आणि सांगाव कोणाले? मागं नवी बायको बसली. आमी सरळ. पाच किलोमीटर झाले, दहा झाले, खिशात फोन वाजून राह्यला, सिग्नलपाशी हळू झाले तवा यायनं उचलला, तिकून सेल्समन, "अन्ना, एक्कड उन्नारु?" कुठं हाय म्हणून विचारून राह्यला बिचारा. हे म्हणे, "वस्तुन्ना, वस्तुन्ना!" येऊन राह्यलो म्हणे! जाऊन राह्यलो होतो आमी, सरळ नागपूरच्या उलट, हैदराबादले!

मी बोलू शकत होती. "उतरा, मी वळवते," एवढंच. पण नव्या सुनेनं नवऱ्याले रस्त्यावर उतर म्हणाव का? मायचा पाय आठवला. मी आपली गप.

वीस किलोमीटरवर गुडीहत्नूर आलं, आणि ह्यायच्या अंगात जीव आला. गुडीहत्नूरले यायची सख्खी आत्या राह्यते, रुक्माआत्या, आणि तिच्या घरासमोर कापूस वाळवाचं हे एवढं मोठं पटांगण. तिथं गोल फिरवाची, वळाची, आणि कोणी पाहाच्या आत निघाचं, असा इचार. कोणी पाहाच्या आत! रुक्माआत्याच्या दारातून! मुंगी गेली तरी तिले चहा पाजल्याशिवाय सोडत नाई ते बाई!

"अगं बाई, जीवन्या! नवी गाडी! अवं शीतल, धाव, आरती आण!"

"आत्या, हे आपली नाई..."

"आपली नाई तं काय सरकारची हाय? लाजते बी कसा, पाहा!"

एकदा बोलले हे. एकदाच! तेवढ्यात शेजारचे धोंडीबा आले, म्हणे, "जीवनराव, वाघ आणला तुमी, वाघ!" आणि यायनं... काई नाई, केसावरून हात फिरवला आणि जरासे हासले. झालं. माणूस असा हासला की मंग खरं बोलणं त्याच्या हातात राह्यत नाई.

मंग काय इचारता! शीतलनं, आत्याच्या पोरीनं, आरती आणली. टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. चाकाखाली लिंबू. आरशाले काळा दोरा आणि मिरच्या. नारळ फोडलं, पाणी टायरवर. रुक्माआत्याले इंजिन दिसलं, "इश्श, हे तं सारं उघडंच! नजर लागन!" आणि घरातून नवं कोरं लाल ब्लाऊजपीस आणून गुंडाळलं त्या तापलेल्या इंजिनाले. दोन मिनिटांत असा वास सुटला! मंग सोडून हँडलले बांधलं. आणि मले गाडीपाशी उभी करून दोघींची ओटी भरली. दोघींची म्हंजे माझी आणि गाडीची! टाकीवर तांदूळ टाकले तं घसरून खाली, पुन्हा टाकले, पुन्हा खाली. शीतलनं फोटो काढला आणि घराण्याच्या ग्रुपावर टाकला, "जीवनदादाची नवी गाडी!" चौऱ्याहत्तर माणसं हायत त्या ग्रुपात. मामाजी बी हायत. सासूबाई बी.

तुमी म्हणसान, मयूरी, तुले तं समजत होतं ना? तुझी स्कूटी तुझ्या डोळ्यादेखत चालली होती ना? होती! एका एका तांदळासंग घसरून राह्यली होती! पण पह्यल्यांदा आली होती मी त्या दारात. आत्या माझ्या कपाळाले कुंकू लावून म्हणे, "किती शांत हाय सून!" आता शांत म्हटल्यावर कसं बोलाव? मी आपली गप.

निघालो. पटांगणात गोल फिरवून गाडी वळली बी, पण गावाबाहेर चिंचेखाली यायनं थांबवली. उजवा हात पाह्यला, डावा हात पाह्यला. "क्लच लई कडक हाय," हे म्हणे, "पंजा आखडला." समोर हायवे, ट्रकामागं ट्रक. फोन वाजून राह्यला, अभिनंदनाचे मेसेज टुंगटुंग.

आणि काय झालं मले ठाऊक नाई. तोंडातून निघालं, "मी चालवू का?"

हे हासले. मंग हायवेकडं पाह्यलं. मंग हासणं बंद झालं. मंग म्हणे, "तुले येते?"

"वांगे नेत होती मी. बाजारात. चार वर्षं."

यायनं मले असं पाह्यलं, जसं काय मले बी आत्ताच शोरूममधून काढलं.

कापूस वेचाले जातो तसा ओचा वर खोचला, ह्यायचं जाकीट चढवलं, हेल्मेट घातलं, आणि बसली. समोर! अवो, काय सांगू तुमाले... समोरची शीट कशी ऐसपैस! हात ठेवाले जागा, पाय ठेवाले जागा, रस्ता सारा आपला! गाडी मारकी नव्हतीच हो. कान पिळला की कोणता बैल उडी मारणार नाई? हळू समजावलं तं अशी चालली, अशी, जशी गोठ्याकडं निघालेली गाय. आणि वळवली. हायवेवर चढताना, ट्रक पाहून, एका झोकात वळवली. मागून आवाज, "हळू! मयूरी, हळू! डावीकडं ट्रक! मयूरी!" हँडलले लाल ब्लाऊजपीस फडफडून राह्यलं, मिरच्या नाचून राह्यल्या, आणि मी हेल्मेटच्या आत एकटी हासून राह्यली. चार महिन्यांत पह्यल्यांदा एकटी.

पेट्रोल पंपापाशी उतरलो. अदलाबदल. हे समोर, मी पापडावर. "घरी काई बोलू नको," हे म्हणे. नाई बोलत. तेवढं तं मले येतेच.

शोरूमपाशी पाहातो तं काय! मामाजी ग्रुपावरचा फोटो पाहून पेढे वाटून राह्यले. सेल्समनच्या तोंडात पेढा, डोळ्यात पाणी. "सार! ये टेस्ट का गाडी है! ये बेचने का नहीं! हल्दी कायको लगाया?"

मामाजीचा हात पेढ्याच्या डब्यातच राह्यला. "जीवन, तू घेतो म्हणला होता का?"

"नाई बापू. आत्यानं..."

पण सासूबाई पुढं झाल्या. फोन कानाले, तिकून मेहुण्यायचं अभिनंदन चालूच. "ओटी भरलेली गाडी हाय ते," म्हणे. "सवाशीण दारातून परत पाठवतात का कोणी? अन् चौऱ्याहत्तर माणसायले काय सांगू, खोटं बोललो म्हणून? स्कूटी पाहू पुढच्या साली."

"आंटी, सेम कलर नया देता हूं..."

"नवी कायले? हेच पाहिजे. हिच्यावरच तांदूळ पडले."

झालं, तुमाले सांगते. दोन तास मॅनेजरसंग बोलणं, आणि तेच गाडी घरी. आमसुली स्कूटी तिथंच, मले पाहून राह्यली, मी तिले. निघताना मामाजीले काय वाटलं कोणास ठाऊक, थांबले. "बेटा," म्हणे, "तुले तं विचाराचंच राह्यलं. गाडी कशी हाय?"

सारे माझ्याकडं. किती बोलाचं होतं! एक तारीख, साडेनऊ, बैठकीतला शब्द... आणि निघालं काय?

"मागची शीट बारीक हाय."

मामाजी खो खो हासले. "तं मंग समोर बस!" सासूबाई हासल्या, मॅनेजर हासला, सेल्समन बी बिचारा हासला. एक माणूस तेवढा हासला नाई.

एक तारखेले नऊ वाजता मी ओचा खोचून समोर बसली. मामाजी ओट्यावरून धावत आले, "अवो, मी तं गमतीनं बोललो होतो!" हे म्हणे, "बापू, तुमी बोलले म्हंजे बोलले," आणि गुपचूप मागं चढले, माझा डबा मांडीवर घेऊन. गाडी ह्यायची ना! एकटीनं कशी जाऊ देतीन?

तेव्हापासून रोज असंच. एकटीनं उटनूरले जाणं तं राह्यलंच माझं. इंद्रवेल्लीपासून उटनूरपर्यंत मागून एकच चालू असते, "हळू, मयूरी! बकरी! गिअर टाक! ऐकून राह्यली ना?" ऐकून राह्यली. मी आपली गप. मागच्या शीटवर बसलं की गप बसाव लागते, हे अजून ह्यायले समजलं नाई. समजन हळूहळू... मले बी चार महिने लागले होते.