दाराला ओरखडा न्हाई

...आन वरनं म्हनत्यात, नशीब! कुनाचं नशीब? गाडीचं! मी दवाखान्यात पडल्यालो, आन भेटाया येनारा पयलं काय सांगतोय? "धुळा, दाराला ओरखडा न्हाई बग!" म्या म्हनलं, लय बेस झालं, दाराला माजा रामराम सांगा. हसा हसा, तुमचं दोनी पाय जाग्यावर हायती, तुमाला हसायला काय जातंय!

तुमाला सांगतो, मी आटपाडीकडला धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, कराडात आलो, टरक धुता धुता गाडी शिकलो आन नाथाजीराव बागायतदाराकडं डायवर ऱ्हायलो. मालकांनी अँबॅसिडर घेतली. नंबर लावून साडेचार वरसं वाट बगितली, साडेचार! पांढरीफेक गाडी, सीटवरचा कागुद काडला न्हवता, आमी आपलं त्या चरचरत्या कागदावर बसायचं. आन दार लावायचं कसं? "धुळा, आपटायचं न्हाई हां. पाळन्यातलं प्वार निजीवतो तसं लावायचं." बरं बाबा, मालक हाईस.

शहात्तर साल, उसाचा हंगाम, भर दुपार. मालक मागं, मी म्होरं. वळनावर उसाची बैलगाडी रस्त्याच्या मदोमद, गाडीवान उसावर झोपल्याला, बैलं आपली मनानं चालल्याली! हार्न वाजिवला, बैलं बुजली, म्या स्टेरिंग उजवीकडं मारलं, आन गाडी अशी हळूच... अशी अल्लाद... रस्त्याकडंच्या पान्याच्या चारीत कलली. धडक न्हाई, आवाज न्हाई. पर मला वाटलं आता उलाटतीया, म्हनून दार उगडून उजवा पाय भाईर टाकला, तवर गाडी आनिक कलली आन दार बांधावरच्या बाभळीला जाऊन टेकलं. भाईर बाभळ, आत मी, आन दाराच्या फटीत कोन? माजा पाय! अडकित्त्यात सुपारी धरावी तसा!

मालक पल्याडच्या दारानं उतरलं, गाडीभवती एक फेरी मारली, वाकून बगितलं. मी बोंबलतोय, "मालक, पाय! पाय!" "गप रं, बगू दे की..." आन बगून म्हनलं काय? "ओरखडा न्हाई!"

तवर त्यो गाडीवान डोळं चोळत आला. आला तर आला, हातात पहार घेऊन आला. देवमानूस! म्हनला, "दार बिजागरीतनं उचकटतो, दोन मिंटात पाय मोकळा." मालक दाराम्होरं आडवं झालं! "दार? साडेचार वरसांनी आलंय त्ये! पाय काय, आज न्हाई उद्या बरा हुतोय. दार बरं हुतं का?" तुमी सांगा!

बरं, दार ऱ्हाऊ द्या, बाभळ तोडा! सोपं हाय का न्हाई? न्हाई! बांधाच्या ह्या अंगाला जोतीराम, त्या अंगाला अर्जुना, सख्खं भाऊ, आन बाभळ कुनाच्या हद्दीत ह्येच्यावरनं कोर्टात अकरा वरसं दावा. जोतीराम कुऱ्हाड घेऊन आला, तर अर्जुना बाभळीला मिठी मारून हुबा! "हात लावशील तर! स्टे हाय हिच्यावर! एक फांदी तुटली तर कोर्टाची बेअदबी हुती!" गाडीवान म्हनला, "आवं पर ह्येचा पाय?" तर अर्जुना काय म्हनला म्हाईत हाय? "मग पाय तोडा की! पायावर कुटं स्टे हाय?"

आन समदी हसली वो! मी सुदीक हसलो, आईशप्पत. कळ अशी उठल्याली की हसतोय का रडतोय मलाच कळंना.

त्येवड्यात आलं रिटायर हवालदार कृष्णात. आयुष्यभर लष्करात पडल्याल्या गाड्या काडल्याल्या. मला वाटलं, सुटलो! हवालदारानं काटी आपटली. "सब पीछे! रिकव्हरीचा पयला नियम, असल्यापरीस जास्त नुकसान हुता कामा नये!" मालकाच्या डोळ्यात पानी आलं. म्हनलं, "शिकल्याला मानूस तो शिकल्याला!" मग हवालदारानं घराघरातनं वाकळा, गोधड्या मागिवल्या. दोराखाली वाकळ, बंपरला वाकळ, आन दार आन बाभळीच्या मदी? तितंबी वाकळ! रंग जाऊ ने म्हनून! आधीच फट येवडीशी, त्यात हवालदार पहारीनं ठासून ठासून वाकळ कोंबतोय, आन वाकळ जाईल तसं दार आत येतंय! म्या म्हनलं, "हवालदारसाहेब, माज्या पायाला बी येक वाकळ द्या की!" तर म्हनलं, "पाय काय रंगिवल्याला हाय व्हय?"

आता बैलं. कुनाची जोडी पयली लावायची? बैलाच्या सनाला, बेंदराला, मान जोतीरामाचा, पर वर्दळीच्या रस्त्यावर मान मोठ्याचा, आन मोठा कोन तर अर्जुना! तासभर मान चालला, तासभर! गाडीत मानूस हाय ह्ये इसारलीच समदी. मी आपला मदनं मदनं वरडायचो, तर एक म्हातारा म्हनला, "काय गोंधुळ घालतोय? कुठला म्हनायचा ह्यो?" "आटपाडीकडला." "मग तसंच!" म्हंजी कसं वो? माजी भावकी असती तितं, तर दार काय, मालक उचकटला असता!

शेवटाला तोड निघाली. ह्याचा एक बैल, त्याचा एक बैल. अकरा वरसांनी भावाभावाचं पयल्यांदा जमलं, ते माज्या पायावर! हवालदार वरडला, "खींच!" बैलांना हिंदी कुटं येतंय? एक बैल वढतोय, दुसरा शेन टाकतोय. गाडी हातभर वर आली, आन सुटली... परत बाभळीवर! कड्कन आवाज झाला. समदी दचाकली. मालक किंचाळलं, "दार!" हवालदारानं वाकून बगितलं. "दार न्हाई साहेब, पाय हाय." "मग हरकत न्हाई!"

दुसऱ्या वढीला गाडी निगाली. ओरखडा? नाव सोडा! टाळ्या वाजिवल्या लोकांनी. मालकानं आत बगितलं आन हात जोडलं, "सीटवर कागुद हुता म्हनून बरं! न्हाईतर रगाताचा डाग निगाला असता व्हय?"

डाक्तर म्हनला, तासाभरात आनला असता तर पाय ऱ्हायला असता. चार तास झालं हुतं. गुडघ्यापास्नं काडला. मालक केळी घेऊन आलं, पाटीवर हात फिरीवला, आन म्हनलं, "धुळा, तुज्यासारका डायवर न्हाई मिळायचा. पर ब्रेक कोन मारनार आता?" गेलं. केळी तेवडी ऱ्हायली.

मग दोगं भाऊ आलं. एकाच दिवशी! माज्या उशापायथ्याला बसलं. आता पायथा तरी एकच, पर असूंदे. मला भरून आलं वो... म्हनलं, शेवटी मानूस हाय! तर जोतीराम कानात म्हनतोय, "धुळा, आठव बरं, पाय बाभळीच्या वरल्या अंगाला मोडला का खालल्या?" आन तिकडनं अर्जुना, "खालल्याच! देवाची आन घे!"

हद्दीचं दगड दोगांनी कवाच हालिवल्यालं, आता कोर्टाला पुरावा म्हंजी माजा पाय तेवडा! दोन वरसं साक्षीला हेलपाटं घातलं म्या, कुबडी घेऊन. परवा निकाल लागला. मोजनीदार आला, मला नेऊन हुबा केला, पाय मोडला तितं हद्दीचा दगड रोवला आन नकाशात लिवलं, 'धुळाच्या पायाची हद्द'. सात पिढ्या आमी मेंढरामागं हिंडलो, कुनाच्या नावावर कवा इतभर जमीन न्हवती... माजी बी न्हाई. पर माज्या पायाची झाली!