फुकटचा हेडफोन

शेजारच्या वहिनींच्या डिजिटल पियानोचं म्हणताय ना? अहो, तो मीच घेऊन दिला! वहिनींचं बजेट तोकडं, आणि आमच्या इथल्या सीपरी बाजारात हिंदीतून घासाघीस करावी तर मीच. शिवाय आमच्या दोन घरांत भिंत एकच. बसल्या जागी संगीत ऐकायला मिळणार म्हणून माझाही जीव त्यात अडकलेला.

दुकानदाराने आधी महागातला लांबलचक दाखवला. मी म्हटलं, "भैया, इतनी पट्टियाँ किसलिए? उँगलियाँ तो दस ही हैं!"

छोट्यावर सौदा आला, पण भाव काही उतरेना. मी अडून बसले, "फिर साथ में कुछ फ्री दो." त्याने वैतागून एक हेडफोन वहिनींच्या हातावर ठेवला.

मग आठवडाभर मी भिंतीला कान लावून. सूर नाही, नुसती टकटक! बिघडलेला दिला की काय म्हणून तणतणत गेले, तर वहिनी हेडफोन लावून मजेत डोलतायत.

"ताई, बरं झालं तुम्ही हा मिळवलात. आवाज बाहेर जातच नाही, तुम्हाला काही त्रास नाही!"

तशीच दुकानात गेले. "भैया, एक हेडफोन और दो. तार ज़रा लंबा देना, बीच में दीवार है!"