शेठची पाच बोटं

तुमी म्हणता ना, मंदा लई तोंडाळ हाये, तर मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आमच्या गोरेगावात माझ्या शेजारी तिचं दुकान. लोखंडी पट्ट्या उकळत्या औषधात बुडवून ती काळ्या करून देते, म्हणजे गंज चढत नाही. मी विरजण मागायला गेले. विरजण घरात होतं, पण मशीनवाला शेठ तिच्याकडं शिरताना दिसला ना! त्याच्याच कामावर तिचं दुकान चालतं.

शेठ भजी खातच आला आणि धुऊन ठेवलेली पट्टी उचलून पाहू लागला.

"शेठ, उघड्या हातानं शिवू नका. आता बुडवायची हाये."

"काहून? लोखंडाला इटाळ होतो का?" म्हणून तो हसला.

पट्ट्या बाहेर निघाल्या तेव्हा सगळ्या काळ्याभोर, फक्त त्या एकीवर फिकट डाग. शेठ भडकला. "रंग बराबर धरला न्हाई. बाईमाणसाचं काम न्हाई हे. पुढचा माल दुसरीकडं देतो!"

मला वाटलं, आता मंदा हातापाया पडते. तिनं थंड झालेली पट्टी त्याच्यापुढं धरली. "ठेवा हात."

चार बोटं वर, अंगठा खाली. डागांवर बराबर बसली.

"तेल लागलं की रंग धरत न्हाई, शेठ. माझ्या हातात मोजे हायेत. तुमच्या हातात भजी होती."

शेठ खाकरला. "बरं, ही एक पुन्हा करून द्या."

"देते की. पण तुमी उंबऱ्याच्या भाईर थांबा. आमच्या लोखंडाला इटाळ होतो."