चौथा खांदा

ऐका. शेकोटीजवळ सरका, थंडीला लाजायचं नसतं. आणि ते कपाळावरचे दिवे विझवा आधी. डोळ्यांत उजेड गेला की मला सांगायला सुचत नाही. विझवले? हां.

तर सकाळी तुम्हाला गड उतरायचाय. शहरातली मंडळी तुम्ही, पाठीवर गाठोडी बांधून डोंगर हिंडता, जुन्या दगडांचे फोटो काढता. काढा की, आमचं काय जातंय? पण मघाशी हे चष्मेवाले दादा विचारत होते, माचीवरून खाली जायची जवळची वाट कुठली, ती वीरगळांवरनं जाणारी. विचारलंत ना? तेवढ्यासाठी जागा राहिलोय मी. नाहीतर माझी झोपायची वेळ कधीच टळली.

ऐका. ह्या आमच्या सडेवाडीत धाकलू म्हणून एक गडी होता. घरजावई. सख्ख्या मामाची पोरगी केलेली, बनू तिचं नाव. मामा लवकर गेला, अन् घरात राहिली सासू. ठमाबाई! करवंदाच्या जाळीला नसतील एवढे काटे त्या बाईच्या जिभेला. जावयाला कधी नावानं हाक नाही. सकाळी उठला की बांडगूळ, जेवायला बसला की आयतोबा, अन् रात्री झोपला की मुडदा. बारा वर्षं, बघा. बारा वर्षांत एक गोड शब्द नाही. धाकलू मुकाट म्हशी राखायचा अन् मनात म्हणायचा, एकदा तरी ही बाई नीट बोलू दे माझ्याशी. एकदाच.

दिवाळी उलटून गेली होती. खाली गावात जत्रा, वाडीतले सगळे बापये तिकडं गेलेले. अन् दिवेलागणीला ठमाबाई सरपण काढायला गेली, तर मोळीत होतं फुरसं. करंगळीलाच डसलं! दवाखाना खाली गावात. वाडीत गडीमाणूस एकटा धाकलू. बनूचे दिवस भरलेले, तिला डोंगर उतरवेना. मग धाकलूनं काय केलं, सासूला घोंगडीत घेतली अन् पाठीशी बांधली.

बनू रडत म्हणाली, "अवो, तिला झोपू देऊ नगा. झोपली की गेली. बोलती ठेवा तिला."

"म्या काय बोलू तिच्याशी?"

"कायबी बोला. चिडवा. चिडली म्हंजी झोपायची न्हाई ती."

आता वाटा दोन. एक पाखाडीची, पायऱ्यापायऱ्यांची, पण तीन तासांची. दुसरी दीड तासाची. तिला आम्ही तिघांची वाट म्हणतो. पूर्वी कधी गडाला वेढा पडला होता म्हणे. चार पहारेकरी होते. एक वर लढाईत पडला. उरलेले तिघं त्याला बांबूच्या झोळीत घालून घरी न्यायला निघाले, अन् अर्ध्या उतारावर तिघंही मारले गेले. त्या तिघांचे तीन वीरगळ उभे आहेत. तुम्ही दुपारी बघितलेत, ढाल-तलवारीवाले. अन् त्यांच्या पायाशी एक आडवा दगड आहे, कोरा. तो चौथ्याचा. त्याला ना चौथा खांदा मिळाला, ना अग्नी. पुढं लोक त्याच दगडावर तिरडी टेकवायला लागले, तिथंच खांदेपालट करायचे. विसाव्याचा दगड तो! तिथं जित्या माणसानं काही टेकवायचं नसतं. साधा गवताचा भारासुद्धा नाही. आमच्यात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

अन् धाकलूला ठाऊक नव्हतं? होतं की. पण पाठीवर सासू, तिच्या अंगात विष. तीन तास कुठून आणायचे? देवाचं नाव घेतलं अन् तिघांच्या वाटेला लागला.

अंधार पडला. चांदणं नाही. धाकलू चालतोय अन् बोलतोय.

"मामी, त्या मोठ्या म्हशीला आज पेंड घातलीच न्हाई म्या."

"मुडद्या! गाभण हाय ती! खाल्ल्या घरचं वासं मोजतोस व्हय रं?"

"अन् दुधाचं मडकं बी फुटलं सकाळी."

"तुझं टाळकं का न्हाई फुटलं, बांडगुळा?"

असं चाललं होतं, बघा. शिवी आली की धाकलूच्या जिवात जीव यायचा. शिवी आहे म्हणजे सासू आहे. पण उतरत उतरत वीरगळांपाशी आला, तोवर त्याचा दम संपला. घोंगडीची गाठ सुटत आली होती. आता पडते सासू! समोर एक सपाट दगड दिसला. घाईत टेकवली त्यावर.

टेकवली अन् मग कळलं, दगड कुठला ते.

रातकिडे गप्प झाले. एकदम! वारं पडलं. अन् वरच्या अंगानं तिघं जण आले. अंगावर काळी कांबळी, खांद्यावर हा एवढा लांब बांबू. त्यांचे पाय बघायला हवे होते त्यानं. पण जीव दमलेला असला की माणूस मदतीचे हात बघतो, पाय कोण बघतंय?

पुढचा म्हणाला, "म्हातारी खाली न्यायची न्हवं? तिघं हाय आमी. चौथा तू हो. झोळीतनं नेऊ."

ठमाबाई दगडावरनं पुटपुटली, "धाकल्या, कोण रं ही? ओल्या मातीचा वास मारतोय ह्यांच्या अंगाला."

"गप ऱ्हा, मामी. देवमाणसं भेटली."

इथं चुकला तो. बोलती ठेवायची तिला अन् गप्प राहा म्हणाला.

"तू पुढं हो," एक जण म्हणाला. "बांबू धर. म्हातारीला आमी घालतो झोळीत. मागं बघू नगं, तोल जाईल. अन् खांद्यावरच्याशी बोलू नगं, वज्जं वाढतंय."

धाकलूनं उजवा खांदा दिला. बांबूवर वजन आलं. निघाले! पुढं दोघं, मागं दोघं. कुणाच्या पायाचा आवाज नाही, फक्त धाकलूच्या वहाणा वाजतायत, चर्र चर्र. खाली गावातल्या जत्रेचे दिवे अगदी समोर दिसायला लागले. आलंच गाव, असं त्याला वाटलं. पण बांबू गारठत चालला. खांदा बधिर झाला. अन् उतरणीची वाट ना ती, मग दम का लागतोय? असा धापा टाकत माणूस चढणीला चालतो, उतरणीला नव्हे.

त्याला राहवेना. म्हणाला, "मामी?"

झोळीतनं आवाज आला. ठमाबाईचाच आवाज! "जावईबापू, लई कष्ट पडलं हो तुम्हांला."

पाय थबकला धाकलूचा. जावईबापू! बारा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आवाज पुढं म्हणाला, "माझ्या पोटच्या लेकापरमानं केलंत. आता मला बरं वाटतंय. चला, असंच चला." अन् हा गडी रडत रडत, हसत हसत चालायला लागला. पाय हलके झाले त्याचे.

तेवढ्यात, ऐका हं, मागनं, लांबनं, अगदी खालून हाक आली. "धाकल्याऽऽ! मुडद्याऽऽ! कुटं उलथलास, बांडगुळाऽऽ!"

धाकलूनं कान टवकारले.

शेजारचा खांदेकरी म्हणाला, "चकवा हाय त्यो. ध्यान देऊ नगं."

झोळीतली म्हणाली, "ती म्या न्हवं, जावईबापू. म्या हितं हाय. तुमच्याजवळ."

अन् खालून आवाज बारीक होत चाललेला. "धाकल्या... मुडद्या... गार दगडावर टाकून गेलास रं..."

आता सांगा, दोन्ही आवाज सासूचेच. एक गोड, जवळ. दुसरा कडू, अंधारात, लांब. तुम्ही कुठल्या आवाजाला ओ दिली असती? मागं वळून बघायची सोय नाही, बांबू खांद्यात रुतलेला. एक आवाज सोडायचा म्हणजे त्यातली सासू मारायचीच. अन् मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक. तो हळूच म्हणाला,

"मामी, म्हशीला पेंड घातली न्हाई म्या आज."

झोळीतनं उत्तर आलं, "असू द्या हो, जावईबापू. एक दिस न्हाई खाल्लं तर काय हुतंय?"

असू द्या!

ठमाबाईची गाभण म्हैस उपाशी, अन् ठमाबाई म्हणणार असू द्या? सूर्य उगवायचा राहील एक वेळ! धाकलूनं बोंब ठोकली अन् खांद्यावरचा बांबू भिरकावून दिला. पुढं टाकायला उचललेला पाय खाली टेकलाच नाही. खाली जमीनच नव्हती! गावाचे दिवे समोर नव्हते, पायाखाली होते. गडाच्या माथ्यावर, कड्याच्या टोकाशी आणला होता त्याला. वहाण निसटली, हा मागं कोसळला, उठला अन् सुटला उताराला.

मागनं तिघं ओरडतायत, "चौथा खांदा दे! खांदा दे!" अन् त्यांच्यामधून गोड आवाज, "जावईबापू, मला सोडून चाललात? आईला सोडून चाललात?" आई म्हणाली हो! पण थांबला नाही. एका वहाणेनं, रक्ताळल्या पायानं, काट्याकुट्यातनं पळाला. वीरगळांपाशी आला. आडव्या दगडावर ठमाबाई होती. जीभ जड झालेली, ओठ काळे पडलेले, पण तोंड चालूच. "मु... मुडद्या..."

"दे शिव्या, मामी! आणखी दे!" म्हणत धाकलूनं तिला उचलली अन् घोंगडीसकट पाठीवर घेतली. मागं बघितलं नाही. "मडकं म्याच फोडलं, मामी! मुद्दाम फोडलं! बनूला बी तुझ्यासारखीच भांडखोर केलीस तू!" असं काय वाट्टेल ते बरळत पळत होता. अन् पाठीवरनं, बारीक आवाजात, शिवी येत होती. कधी अर्धीच. कधी नुसता हुंकार. मग तर काहीच येईना. तेव्हा धाकलू मोठ्यानं रडायलाच लागला.

खाली ओढा आहे ना, म्हसोबाच्या दगडाजवळचा? तीच त्यांची हद्द. धाकलूचा एक पाय पाण्यात पडला, अन् त्याच वेळी उजव्या खांद्यावर एक हात पडला. गार. बर्फासारखा म्हणतात तसा गार. धाकलूनं डोळे मिटले अन् अंग झोकून दिलं. पाणी ओलांडलं. हात सुटला.

दवाखान्यात पोचला तेव्हा सासूचे डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हात टेकले असते आम्ही. सुई टोचली, बाटली लावली. पहाटे ठमाबाईनं डोळे उघडले. समोर जावई, धूळमातीनं माखलेला. तिनं विचारलं काय? "म्हशीला पेंड घातलीस का?"

सकाळी जत्रेतली माणसं गडावर गेली. कड्याच्या अगदी टोकाला धाकलूची वहाण होती. अर्धी दगडावर, अर्धी बाहेर.

अन् त्याचा खांदा? तो मी ह्या हातानं चाचपलाय. पाच बोटांचे पाच काळे वळ. चैत्राच्या उन्हातसुद्धा गार लागायचा. त्या खांद्यावर त्यानं पुन्हा कधी ओझं उचललं नाही, हात कानाच्या वर गेला नाही. ठमाबाई रोज रात्री तेल कोमट करून चोळायची, अन् चोळता चोळता शिव्या द्यायची.

सहा वर्षं जगली पुढं. मरायला टेकली तेव्हा धाकलू उशाला बसून म्हणाला, "मामी, आता तरी एक शबूद गोड बोल की."

तिनं त्याचा हात धरला. म्हणाली, "गोड बोलले, तर वळखशील कसा मला, बांडगुळा?"

तेच शेवटचं. तिची तिरडी आम्ही पाखाडीच्या वाटेनं नेली. धाकलूनं डावा खांदा दिला होता, त्याच्या मागं मी होतो. अर्ध्या वाटेत तिघांच्या वाटेकडनं हाक आली. ठमाबाईचा आवाज! "जावईबापूऽऽ, मला इकडं न्या होऽऽ." आमचे सगळ्यांचे पाय जागच्या जागी रुतले. तिरडी हलली. धाकलूनं मात्र तिकडं मान वळवली नाही. समोर बघत म्हणाला, "चला रं. माझी सासू असली न्हवती." अन् ढसाढसा रडत चालत राहिला.

म्हणून सांगतो, दादा, सकाळी पाखाडीनं उतरा. दीड तास जास्त लागला तर लागू दे. तिघांच्या वाटेला जाऊ नका. तरी पाय वळलेच, तर त्या आडव्या दगडावर पाठीवरचं ओझं टेकवू नका, कितीही दमलात तरी. अन् अंधारात कुणी लई गोड बोलून हाक मारली, तर आधी आठवा, आपल्या माणसानं आपल्याला शेवटची शिवी कधी घातली होती ते.

टाका आता त्या विस्तवावर दोन लाकडं, अन् झोपा. मी बसतो जागा.