चौथा राजपुत्र

तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोन जुळ्या बहिणी होत्या. चेहरा तोच, आवाजही तोच.

"एकच बॅले चौथ्यांदा? राजकन्या समजून राजपुत्र तिच्यासारख्या दिसणाऱ्या भलतीलाच वचन देतो, तीच गोष्ट ना?"

"गोष्ट तीच, पण राजपुत्र दरवेळी नवा. पहिल्याने भलतीला पाहिलं न पाहिलं, वचन देऊन मोकळा! बावळट!"

"दुसरा?"

"उड्या झकास, पण लक्ष सगळं प्रेक्षकांत. तिसरा मात्र थबकला गं! मला वाटलं, ओळखतोय. कसलं काय, घाम पुसत होता."

"अगं, त्यानं फसायचं हे ठरलेलंच असतं."

"आणि तुझे होणारे भावोजी मला सोडून तुझ्याशी तासभर लग्नाचं बोलत बसले, तेही ठरलेलं होतं?"

"मी तू नव्हे, हे दोनदा सांगितलं त्यांना. म्हणाले, थट्टा पुरे."

"म्हणून आज शेवटचं बघते. हाही फसला, तर सगळे पुरुष सारखेच म्हणून ह्यांना माफ. ह्यानं ओळखलं, तर लग्न मोडलं."

तेवढ्यात भावोजी पाण्याची बाटली घेऊन आले. त्यांनी हिच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाटली माझ्या हातात ठेवली.

"काका, जरा तिला देता?"

मी चष्मा पुसून दोघींकडे नीट पाहिलं. मग बाटली उघडली आणि स्वतःच पाणी प्यायलो.