सई रडली नाही ती सकाळ

तुमच्याकडे नळाला चोवीस तास पाणी, तुम्हाला नाही कळायचं. नवघरला तेव्हा पाणी पहाटे यायचं, तेही जेमतेम अर्धा तास. आणि आमची सई नेमकं तेव्हाच भोकाड पसरायची. शेजाऱ्यांचे टोमणे ऐकून मी हट्टालाच पेटलो. रडली तरी उचलायचं नाही, नुसतं थोपटायचं. आठवडाभर आमचेच डोळे सुजले.

मग एका सकाळी जाग आली, तर खिडकीत चक्क ऊन. सई गप्प. बायको कुजबुजली, "अहो, श्वास चालूय ना तिचा?"

मी नाकाखाली बोट धरलं. बोटाला श्वास लागला, आणि तेवढ्यात कोणीतरी दार बडवायला लागलं.

उघडलं, तर अख्खा मजला उभा, हातात रिकाम्या बादल्या. समोरच्या गुजराती भाभी सगळ्यांच्या पुढे.

"बेबी आज रोई क्यूँ नहीं?"

"सो रही थी, भाभी."

"तो हम भी सोते रह गए ना! पानी आके चला गया!"

"अब तो ये रोज रातभर सोएगी," मी जरा ऐटीतच म्हणालो.

"तो कल से तुम रोना!"