दुसऱ्या शिक्षिकेची मागणी

शिक्षण कार्यालयातल्या बाकावर माझ्या शेजारी दोन शिक्षिका आपापल्या शाळेचा सुधारणा आराखडा घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही काय मागितलंत, बाई?"

"आणखी एक शिक्षिका."

"मुलं किती?"

"नऊ."

"मग कसली देतात! कारण काय लिहिलंत?"

"मुलांचं गणित कच्चं आहे."

"खरंच कच्चं आहे?"

"छे, चांगलं पक्कं आहे."

"मग?"

"मधल्या सुट्टीत मुलं मैदानात पळतात. मी एकटीच डबा खाते. परवा माझी मीच बोलत होते, तर एका मुलीनं विचारलं, 'बाई, कुणाशी बोलताय?'"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, नव्या बाई येणार आहेत, त्यांच्याशी बोलायची सवय करतेय. तेव्हापासून ती रोज त्यांच्यासाठी एक खुर्ची पुसून ठेवते."